चादरीचं दुसरं टोक

बेबीचे निम्मे केस पांढरे झालेत, चष्म्याचा नंबर वाढलाय, जिना चढताना कठडा धरावा लागतो, तरी ती बेबीच. घरातलं शेंडेफळ म्हणून आईने लाडाने हाक मारली आणि ती हाक तिला चिकटली ती चिकटलीच. तिच्या बरोबरीच्या बाकीच्या बेब्या कधीच्या काकू, मावश्या, आज्या होऊन गेल्या. हिला मात्र कुणी पुढच्या इयत्तेत ढकललं नाही.

हे सांगणारी मी कोण, ते आधी सांगते, म्हणजे मागाहून 'ही कोण मोठी लागून गेली' असं व्हायला नको. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर धुलाईखाना आहे. धुण्याची यंत्रं, वाळवायचे ड्रम, गरम प्रेस, आणि त्यापलीकडे घड्या घालायची लांबलचक खोली. त्या खोलीच्या कोपऱ्यात शिवणयंत्रावर मी बसते. फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, बंद तुटलेले पायजमे, सगळं माझ्याकडे येतं. चादर कशी फाटलीय यावरून ती कुठल्या वॉर्डातून आली हे मी ओळखते, पण त्याचं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही, ते असो. मी तोंडाने फटकळ आहे. माझी सासू म्हणायची, हिच्या हातातली कात्री एक वेळ बोथट होईल, जिभेची व्हायची नाही. बरोबर म्हणायची. यंत्र थांबलं की मला खोलीतलं सगळं दिसतं, आणि माझं यंत्र म्हातारं असल्यामुळे ते सारखं थांबतं.

तर बेबी. जन्मली तेव्हा रडायलासुद्धा तिने उशीर केला, आणि तेव्हापासून सगळंच उशिरा होत गेलं: चालणं, बोलणं, बटण लावणं. आईने शाळेत घातलं. बाईंनी तिला काही दिवस शेवटच्या बाकावर बसवून पाहिलं आणि मग आईला बोलावून सांगितलं, "हिला घरीच ठेवा. इथे हिचाही वेळ जातो आणि आमचाही." आई लेकीचं दप्तर उचलून निमूटपणे घरी आली. मग बेबी घरी राहिली. किती वर्षं, ते विचारू नका. मोठा भाऊ शाळेत जायचा, आई कामावर, वडील कामावर, आणि बेबी खिडकीत. पाहुणे आले की आतल्या खोलीत. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त तिच्याशी बोलायला दिवसभर कुणी नसायचं.

तिची आई आमच्या धुलाईखान्यातच धुण्याच्या यंत्रावर होती. वडील गेल्यावर लेकीला घरी एकटी ठेवायचं तिला धाडस होईना, म्हणून ती तिला बरोबर घेऊन आली आणि घड्यांच्या खोलीतल्या मावशीपुढे उभी केली. मावशी ही आमच्यातली सगळ्यांत जुनी बाई. हाडापेराने दांडगी, बोलायला कंजूष.

"हिला नुसती उभी राहू दे तुझ्यापाशी," आई म्हणाली. "त्रास नाही देणार."

मावशीने बेबीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नुसतं उभं राहिलं की पाय दुखतात," ती म्हणाली आणि चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. "धर."

आता हॉस्पिटलची चादर म्हणजे काय चीज आहे, हे ज्यांनी कधी तिची घडी घातली नाही त्यांना सांगायला हवं. ती लांब, जाड, कांजी केलेली असते आणि एकटीच्या हाताला अजिबात जुमानत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोघींच्या हातात दोन-दोन टोकं. चादर ताणायची, झटकायची, मग दोघींनी एकदमच एका बाजूचा काठ उचलून दुसऱ्या बाजूच्या काठावर आणायचा. हाताकडे कुणी बघत नाही. समोरचीच्या तोंडाकडे बघतात, आणि हात आपापलं काम करत राहतात. त्यामुळे जोडीला महत्त्व. एकदा जोडी जमली की ती नवराबायकोसारखी होते: भांडतील, रुसतील, पण दुसरीबरोबर हात बसायचा नाही. आणि चादर जमिनीला लागली तर ती परत धुवायची, हा हॉस्पिटलचा नियम. मग ती नुसती टेकली असो की लोळली असो.

बेबीला शिकायला फार वेळ लागला. सगळा पावसाळा गेला, थंडी गेली. मावशी ओरडली नाही की गोड बोलली नाही. चादर पडली की म्हणायची, "परत." आणि एक दिवस जमलं. जमलं ते असं जमलं, की मावशी होती तोवर बेबीच्या हातातून चादर पडलेली मी पाहिली नाही. हॉस्पिटलनेही पुढे तिला रीतसर कामावर घेतलं. आई वारली तेव्हा तिच्या वहिनीला वाटलं होतं की आता ही कोसळेल. बेबी खूप रडली, आणि मग दादाला म्हणाली, "मला कामावर सोड. मावशी एकटी आहे."

तिच्या बाकीच्या गोष्टी सांगायच्या तर अशा. तिला लिपस्टिक आवडते आणि ती ओठांपेक्षा थोडी जास्तच जागा व्यापते. घड्याळ कळत नाही. वाफेच्या फुस्स आवाजाला घाबरते, म्हणून गरम प्रेसच्या बाजूला फिरकत नाही. कुणाचं कोण आजारी आहे हे तिच्या पक्कं लक्षात असतं, आणि माणूस बरं होऊन कामाला लागलं तरी ती पुढे वर्षभर त्याची चौकशी करते. आणि उत्तर उशिरा देते. तुम्ही काही विचारलंत की ती तुमच्याकडे बघत राहते, ओठ हलतात, भुवया वर जातात, आणि मग शब्द येतो. तोवर विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो, नाहीतर तिच्या वतीने स्वतःच उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. घाई सगळ्यांनाच असते, मलाही असते.

मावशी निवृत्त झाली आणि घोडं अडलं.

निरोपाच्या दिवशी मावशीने सुपरवायझरला सांगितलं, "हिला कुणीतरी चांगली जोडीदारीण द्या." सुपरवायझर माणूस वाईट नाही. त्याला पित्ताचा त्रास आहे, खिशात कायम गोळ्या असतात, आणि कुणी काही मागितलं की तो आधी एक गोळी तोंडात टाकतो. त्याने गोळी टाकली आणि म्हणाला, "बघू." मावशीच्या जागी नवीन माणूस मिळणार नव्हतं. म्हणजे घड्यांच्या खोलीत एक बाई कायम एकटी पडणार, आणि ती कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

बायकांनी मात्र तेव्हा मोठं मन दाखवलं, हे कबूल करायला हवं. त्यांनी आपसात ठरवलं की रोज एकीने बेबीबरोबर उभं राहायचं, पाळीपाळीने. "आपल्यात सांभाळून घेऊ तिला," असं सगळ्या म्हणाल्या. मलाही बरं वाटलं.

पहिल्याच दिवशी चादरीला पीळ पडला. बेबीने एक काठ उचलला, समोरचीने दुसरा, चादर दोरखंडासारखी वळली आणि टोक सुटून जमिनीवर. परत तेच. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई, तीच गत. बायका समजुतीने बोलायच्या, लहान मुलाशी बोलतात तशा. "असं नाही गं बेबी, माझ्याकडे बघ. हां, शाब्बास." आणि चादर खाली.

बेबी म्हणायची, "उलटं."

"काय उलटं?"

बेबीचे ओठ हलायचे. मग, "उलटं करतेस तू."

"हो गं बाई, आम्ही सगळ्याच उलट्या! तू तेवढी सुलटी!" आणि खोलीभर हशा. बेबीही हसायची, कारण सगळ्या हसतायत म्हटल्यावर आपणही हसावं असं तिला वाटत असणार. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची, उलटं.

आमच्यात एक बाई आहे, तिला आम्ही तोफ म्हणतो. तिचा आवाज ड्रमच्या घरघराटातूनही ऐकू येतो आणि मनात आलेलं ओठावर यायला तिला क्षणही लागत नाही. तिचा नंबर आला त्या दिवशी तर चादरींचा ढीगच परत धुवायला गेला. तिने हातातलं टोक टेबलावर आपटलं.

"नाचता येईना अंगण वाकडं!" ती कडाडली. "आम्ही इतकी वर्षं घड्या घालतोय त्या उलट्या, आणि ही शहाणी! मला नाही जमायचं बाई. दया वगैरे ठीक आहे, पण ह्या चादरी परत कोण धुणार? धुणाऱ्या बायका मला शिव्या देतायत."

ती गेली सरळ सुपरवायझरकडे. आता तोफेला दुष्ट म्हणायला मी तयार नाही. तिने मोठ्याने जे म्हटलं तेच बाकीच्या मनात म्हणत होत्या. मावशी होती म्हणून चाललं, मावशीने तिला सांभाळून नेलं, खरं तर घड्या मावशीच घालत होती आणि बेबी नुसती धरून उभी होती, असं सगळ्यांचं ठरून गेलं. काय असतं, बेबीकडून काही चुकलं की कारण शोधायला कुणी जात नाही. कारण तिच्या कपाळावर आधीच लिहून ठेवलेलं असतं.

सुपरवायझरने तिच्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ रोज तिला स्कूटरवरून सोडतो आणि नेतो. भला माणूस, पण दमलेला. "महिनाअखेरपर्यंत बघतो," सुपरवायझर म्हणाला, "पण मलाही वरून विचारतात हो. प्रेसवर ठेवलं असतं, पण तिथे ती घाबरते, उद्या हात भाजला म्हणजे?" भावाने मान हलवली. "नाही, तुमचं बरोबर आहे. तिचंही वय झालं आता. बसेल घरी आरामात. आम्ही दोघं संध्याकाळी येतोच."

बेबी तिथेच उभी होती. दोघांच्या मधोमध. दोघांपैकी एकानेही तिला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन माझ्या यंत्राशेजारी येऊन बसली. डबा उघडला नाही. मी म्हटलं, "जेव की गं." ती बघत राहिली. त्या दिवशी दोरा संपला होता म्हणून मला यंत्राकडे वळायची घाई नव्हती, त्यामुळे तिचं उत्तर यायला जागा मिळाली.

"घरी कुणी नसतं," ती म्हणाली.

"संध्याकाळी येतात ना दादा-वहिनी."

पुन्हा बराच वेळ गेला. "सकाळी नसतं. दुपारी नसतं." मग तिने डबा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. मी फटकळ असले तरी दगड नाही. पण करणार काय? माझे गुडघे मला यंत्रापासून स्वच्छतागृहापर्यंत नेतात हेच त्यांचे उपकार. दिवसभर उभं राहून चादरी ताणणं माझ्या नशिबातून कधीच गेलं.

महिना सरत आला तेव्हा हॉस्पिटलमध्ये जागृतीचा आठवडा सुरू झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना समाजाने सामावून घ्यावं, असा विषय. वर मोठ्या दारात रंगीत फलक लागले, फुगे लागले. खाली आमच्याकडे फलक लावायला कुणी आलं नाही, वाफेने भिंतीला काही चिकटत नाही. पण एक दिवस निरोप आला की जेवणाच्या सुट्टीनंतर एक बाई येतील, सगळ्यांनी घड्यांच्या खोलीत बसून घ्यावं.

त्या आल्या. बुटक्या, गोल, खांद्याला केवढी तरी पिशवी, आणि वाफेने चष्मा धुरकट झालेला. आम्ही टेबलांना टेकून, उलट्या बादल्यांवर बसून घेतलं. त्यांनी सांगितलं की मतिमंद, वेडा, खुळा असले शब्द वापरू नयेत. अशा माणसांना लहान मुलासारखं वागवू नये. त्यांनाही काम, मैत्री, मत असतं. बायका माना डोलवत होत्या. तोफ सगळ्यांत पुढे बसून सगळ्यांत जोरात डोलवत होती.

"तुमच्या इथे अशी कुणी आहे का कामाला?" बाईंनी विचारलं.

"आहे ना! आमची बेबी!" सगळ्या एकदम.

"अरे वा. कुठे आहे ती?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने सांगितलं, "तिला बाहेर बसवलंय. चहा-बिस्किट दिलंय. म्हटलं उगाच हे सगळं ऐकून तिला वाईट वाटायला नको."

मी माझ्या यंत्रावर तोंड दाबून हसले, खोटं कशाला बोलू. सामावून घेण्याचं व्याख्यान, आणि जिला सामावून घ्यायचं ती दाराबाहेर बिस्किट खातेय. पण त्या बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी कागद पिशवीत घातले, स्वतः बाहेर गेल्या आणि बेबीला घेऊन आल्या. एका स्टुलावर तिला बसवलं, दुसऱ्यावर आपण बसल्या.

"मी तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

बेबीला 'तुम्ही' ऐकून मागे कुणी उभं आहे का असं वाटलं. तिने वळून पाहिलं. मग बराच वेळ ओठ हलले. खोलीत कुणीतरी सांगायला तोंड उघडलं, "बेबी म्ह..." त्या बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"बेबीताई," बेबी म्हणाली.

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

"बेबीताई, तुमचं काम कसं चाललंय? काही अडचण आहे का?"

पुन्हा ते थांबणं. शांततेत धुण्याच्या यंत्रातून गळणारे थेंब ऐकू येत होते. सुपरवायझर दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याने खिशात हात घातला.

"ह्या सगळ्या," बेबी म्हणाली, "उलट्या घड्या घालतात."

झालं. खोली फुटली हसून. तोफ तर मांडीवर थापा मारायला लागली. पण त्या बाईंना आमचा विनोद माहीतच नव्हता, त्यामुळे त्यांना हसू येण्याचं कारण नव्हतं. त्यांनी साधेपणाने विचारलं, "म्हणजे कशा? मला दाखवाल? मला तर कुठलीच घडी येत नाही."

बेबी उठली. तिने ढिगातली एक चादर घेतली, दोन टोकं त्या बाईंच्या हातात दिली आणि समोर जाऊन उभी राहिली. "ताण," ती म्हणाली. बाईंनी ताणली. "दाराकडचा हात उचल. इकडे आण. खिडकीकडे." बाईंनी तसं केलं, घाबरतच. काठावर काठ बसला. "परत. दाराकडून." पुन्हा बसला. मग बेबी चालत त्यांच्यापर्यंत आली, टोकांना टोकं जुळवली, आणि चादर चौकोनी होऊन टेबलावर पडली. जिने आयुष्यात घडी घातली नव्हती तिच्याबरोबर पहिल्याच फटक्यात. पीळ नाही की काही नाही.

हसणं हळूहळू ओसरलं. मी बायकांच्या हातांकडे बघत होते. एकेकीचे हात नकळत हवेत हलत होते, आपण घडी कशी घालतो ते आठवत. सगळ्यांचे हात खिडकीकडून दाराकडे जात होते. आमच्या खोलीत पहिल्यापासून तशीच पद्धत, नवी आलेली बाई जुनीकडे बघून तेच उचलते. आणि बेबी दाराकडून खिडकीकडे.

"मावशीने शिकवलं," बेबी म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी जागेवरून ओरडले, "अगं बायांनो, मावशी डावरी!"

मावशी डावरी आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझी कात्री घ्यायची आणि कापड चघळल्यासारखं कापून, कात्रीलाच शिव्या देऊन परत आणून द्यायची. पण ती उभी राहायची शेवटच्या टेबलाला, ट्रॉल्यांच्या आड, डावा हात दाराच्या बाजूला. तिचे हात कुणी पाहिले नाहीत, आणि घालून झालेली घडी तर दोन्हीकडून सारखीच दिसते. तिने आपल्या हाताला सोपं पडेल तसं बेबीला शिकवलं. बेबीने ते अक्षर न् अक्षर उचललं. पुढे रोज बिचारी सांगत होती, उलटं करताय, उलटं करताय. कळसा काखेत, आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो.

तोफेचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्या पाहुण्या बाईंना डावरं-उजवं काही नीटसं कळलं नाही, पण त्या खूश झाल्या, बेबीशी हात मिळवला आणि वरच्या मजल्यावर पुढच्या व्याख्यानाला गेल्या.

आता गोष्ट इथे संपवली असती तर बरी दिसली असती. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. बाई गेल्यावर सुपरवायझर म्हणाला, "ठीक आहे, कारण समजलं. मग आता हिच्यासमोर उभं कोण राहणार?"

बेबीने आपली पद्धत बदलावी हा विचार एकीने बोलून दाखवला, आणि तो तिथेच पडला, कारण ती पद्धत शिकायला तिला किती महिने लागले होते हे जुन्या बायकांना आठवत होतं. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपले हात बदलायला हवेत. आपली जमलेली जोडी मोडून, वर्षानुवर्षांची सवय मोडून, पुन्हा नवशिक्यासारखं चादरी पाडायच्या. मघाशी माना डोलवताना हे कुणी धरलं नव्हतं. बेबी एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. महिना संपायला आलाय हे तिला घड्याळ न कळताही कळत होतं.

"मी राहते," तोफ म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"बघताय काय अशा? माझी जोडीदारीण कोण आहे, माझी नणंद. गेल्या महिन्यापासून आमच्यात शब्द नाही. रोज तिचं तोंड समोर बघून चादर ताणायची म्हणजे माझा जीव जातो. त्यापेक्षा उलट्या घड्या परवडल्या!"

"मी कुठे तुझ्यावाचून अडलेय!" नणंद दुसऱ्या टोकाकडून म्हणाली. "साहेब, मला प्रेसवर टाका. तिथे निदान कान तरी शाबूत राहतील."

अशा रीतीने प्रश्न सुटला. त्यात पश्चात्ताप किती, माया किती आणि नणंद किती, हे मला विचारू नका. तोफेलाही सांगता आलं नसतं. पण मी एवढं पाहिलं की शेवटच्या टेबलाकडे जाताना तिने बेबीच्या खांद्यावर हात ठेवला आणि चक्क हळू आवाजात म्हणाली, "चला, बेबीताई. शिकवा."

शिकवलं म्हणजे काय, तोफेच्या नाकी नऊ आले. तिचे हात वर्षानुवर्षं खिडकीकडून निघायचे, ते एका दिवसात दाराकडे कसे जाणार? मनात ती 'दार, दार' म्हणायची आणि हात खिडकीकडचा उचलायची. चादरीला पीळ. टोक सुटलं. धप्प. ती स्वतःलाच शिव्या द्यायची. बेबी चादर उचलून परतीच्या ट्रॉलीत टाकायची, नवीन घ्यायची, आणि म्हणायची, "होतं असं. परत." बायका आपापल्या टेबलांवरून चोरून बघत होत्या. हसत मात्र कुणी नव्हतं. आपल्यावर ही पाळी आली असती तर, हेच प्रत्येकीच्या मनात असणार. मला वाईट वाटून घ्यायचं होतं, पण तोफेला कुणी 'होतं असं' म्हणून चुचकारतंय, हे बघायला मी जगले याचंच मला समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमाराला सुपरवायझर फेरीला आला. नेमका तो शेवटच्या टेबलापाशी थांबला आणि तोफेच्या हातून चादर त्याच्या बुटांवर पडली. परतीची ट्रॉली काठोकाठ भरलेली होती. त्याने ट्रॉलीकडे पाहिलं, मग तोफेकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. तोफ लाल झाली. जिचा आवाज ड्रमवरून जातो तिने खाली मान घालून चादर उचलली. दिवसभर आपल्या हातांनी ऐकलं नाही म्हणजे माणसाला कसं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

बेबीने हातातली टोकं टेबलावर ठेवली. ती चालत आली आणि सुपरवायझर आणि तोफ यांच्या मधे उभी राहिली. तिचे ओठ हलायला लागले. भुवया वर गेल्या. सुपरवायझरने काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण या वेळी तो थांबला. सगळी खोली थांबली.

"साहेब," बेबी म्हणाली, "हिला काढू नका."

त्याचा हात खिशाकडे गेला.

"हिला घरी नका बसवू. घरी कुणी नसतं." तिने मागे हात नेऊन तोफेचं मनगट घट्ट धरलं. "ती हळू शिकते. पण शिकेल. मी आहे ना."

सुपरवायझरचा हात खिशाकडे गेला होता, तो तिथेच राहिला. "नाही काढत," तो म्हणाला. "कुणालाच नाही काढत, बेबीताई."

"नक्की?"

"नक्की."

मग बेबी वळली, ढिगातली नवीन चादर घेतली, दोन टोकं तोफेच्या हातात दिली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"रडू नकोस," ती म्हणाली. "ताण."